हेस्टरला वळसा

आमच्या ऑल्डरकोटच्या चर्चमध्ये सरळ कुणालाच शिरता येत नाही. फाटकातून आत आलं की पायवाट नीट दाराकडे निघते, आणि दार अगदी समोर आलं की मध्ये हेस्टर वेझी आडवी. म्हणजे तिचं थडगं. कमरेच्या वर उंच, दोन माणसं शेजारी झोपतील एवढं रुंद, पिवळसर दगडाचं. बाजूंना द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या, चार कोपऱ्यांवर गुबगुबीत गालांचे देवदूत. तिघे आभाळाकडे बघतात. चौथा, दाराच्या बाजूचा, गाल फुगवून थेट चर्चच्या आत बघतो, आणि त्याचे ओठ असे कोरलेत की तो पाद्र्याला वाकुल्या दाखवतोय हे कुणीही सांगेल. बाहेरगावचे जाणकार येतात आणि म्हणतात, दगडाची झीज झाली आहे. झीज कसली डोंबलाची! तो तसाच कोरायला सांगितला होता.

हेस्टर खाणवाली. नवरा गेल्यावर दगडाची खाण तिने स्वतः चालवली. तिच्या धाकट्या भावाने गिरणीच्या तळ्यात जीव दिला, तेव्हा त्या वेळच्या पाद्र्याने त्याला चर्चमध्ये घेतलं नाही आणि आवारात जागाही दिली नाही. जीव देणाऱ्याला नाही, बाप्तिस्मा न झालेल्याला नाही, असा नियम. भावाला चौकातल्या रस्त्याखाली पुरलं. हेस्टर तेव्हा गप्प बसली. पुढे वादळात चर्चचा मनोरा कोसळला आणि तोच पाद्री तिच्या दारात दगड मागायला आला. तिने दिला. अख्खा मनोरा उभा राहील एवढा दिला, आणि बदल्यात एकच मागितलं: माझ्या थडग्याला मी बोट दाखवेन ती जागा. पाद्र्याने गावासमोर खुशीत शब्द दिला. मनोऱ्याचं काम पुरं झालं, मग हेस्टर आली आणि तिने दारासमोर बोट दाखवलं.

तेव्हापासून पाद्री असो, बिशप असो, लग्नातली नवरी असो की वाड्यावरचा जमीनदार, सगळे हेस्टरला वळसा घालूनच आत जातात. मरताना तिने आणखी एक सांगून ठेवलं: ज्याला आत घेणार नाहीत, त्याला माझ्यावर ठेवा. म्हणून आमच्याकडे प्रत्येक शवपेटी आधी हेस्टरच्या दगडावर टेकते, घंटा थांबेपर्यंत. ज्याला आत जागा आहे तो मग आत जातो. ज्याला नाही, त्याचं सगळं तिथेच होतं.

माझ्या मुलाचं तिथेच झालं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. घरीच बाळंत झाले. सुईण मला वाचवायच्या धडपडीत होती, आणि पोरगा सकाळी जन्मून दुपारी गेला. त्याला बाप्तिस्मा द्यायचं कुणाला सुचलंच नाही. लॅम्बर्न नावाचा पाद्री होता तेव्हा, इस्त्रीच्या घडीत वावरणारा. माझ्या नवऱ्याला, टॉमला, त्याने चर्चच्या दारातच सांगितलं की पुस्तकातली प्रार्थना या मुलासाठी नाही, मला वाईट वाटतं, पण नियम आहे. टॉम सुतार होता. पेटी त्यानेच केली होती, आणि ती त्याच्या काखेत होती.  वळला आणि पेटी हेस्टरवर ठेवली.

मग गाव आलं. बोलावलं कुणी नव्हतं. कसाई ॲप्रनसकट आला, शाळेच्या बाई वर्ग सोडून आल्या. मला दूधवाल्याने त्याच्या गाडीवर बसवून आणलं. सगळे टोप्या काढून उभे राहिले, आणि टॉमच्या वडिलांनी त्यांना जे पाठ होतं ते म्हटलं. निम्मं चुकलं, पण म्हटलं. मग थडगी खणणारा हार्डिंग फावडं घेऊन आला, आणि लॅम्बर्न खिडकीतून बघत असताना त्याने हेस्टरच्या पायथ्याशी, अगदी दगडाला लागून खणलं. वर खूण नाही, कुठे नोंद नाही. पण तिथे माझा मुलगा आहे. जुनी माणसं त्या जागेवर पाय देत नाहीत.

यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आमच्याकडे दुःखावर बोलत नाहीत, किटली ठेवतात. टॉम गेला, हार्डिंग गेला, लॅम्बर्नही गेला एकदाचा. मी राहिले. तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून वारं गेलं आणि पाय निकामी झाले. तोंड शाबूत राहिलं, याचं गावातल्या काही जणांना अजून वाईट वाटतं.

आता रविवारी मला चाकाच्या खुर्चीतून गिल्बर्ट हास्क चर्चला नेतो. गिल्बर्ट आमचा बेकर होता, आता निवृत्त आहे आणि हातांना काम नाही म्हणून चिडचिडा झालाय. दाराशी पायऱ्या आहेत. तिथे तो आणि पबचा मालक क्लेम मला खुर्चीसकट उचलून आत ठेवतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. त्यांची कंबर दुखते, तो त्यांचा प्रश्न.

त्या रविवारी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांना दोरी बांधलेली.

"हे काय, पुन्हा गटार तुंबलं?" मी विचारलं.

गिल्बर्ट खाकरला. "गटार कसलं! तुझा रस्ता तो."

"माझा कसला रस्ता?"

"अगं, तुझी खुर्ची सरळ आत जायला उतार करणार आहेत. उद्या माणसं येतील, हेस्टरला उचलून मागे भिंतीपाशी नेतील, आणि उतार नीट फाटकापासून दारापर्यंत." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "छान होईल तुला."

मी खुर्चीचा ब्रेक ओढला. तो मागून माझ्यावर आदळला.

"मला कोणी विचारलं?"

"नोटीस लावली होती की दारावर. चांगली महिनाभर. ज्याला आक्षेप असेल त्याने कळवावं म्हणून."

"कुठे लावली होती?"

त्याने बोट दाखवलं. आमची पाद्रीबाई ताडमाड उंच आहे, आणि तिने कागद स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल असा टोचला होता. खुर्चीतून मला त्याची खालची कड दिसत होती, फडफडणारी. महिनाभर मी तिच्याखालून आत-बाहेर केलं होतं. माझ्या नावाने काढलेली नोटीस, आणि ती मला सोडून सगळ्या गावाला वाचता येत होती.

"तू वाचलीस ना?" मी म्हटलं. "आणि तुला चाललं? हार्डिंगने कुठे खणलं ते तू बघितलंयस गिल्बर्ट. शेंबडा पोर होतास, भिंतीवर चढून बसला होतास. मी पाहिलं होतं तुला."

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, तूच मागितलं असशील उतार. मग मी कोण नाही म्हणणारा? तुला चालता येत नाही, आणि मी धडधाकट माणूस उठून आक्षेप घेऊ? बरं दिसलं असतं का ते?"

"आणि बाकीच्यांना?"

"दुकानातल्या मर्लला तर झोप येत नव्हती. क्लेमने पत्र लिहून फाडलं. सगळेच म्हणत होते, डॉर्कसच्या मनात आहे तर असू दे, तिला कशाला दुखवा."

"म्हणजे कोणालाच नको होतं?"

"कोणालाच नाही."

"आणि म्हणून कोणीच बोललं नाही."

"हो," तो म्हणाला. ते बोलताना त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मला त्या क्षणी अख्ख्या गावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतकी सभ्य माणसं, की सभ्यपणात माझ्या पोरावर फावडं चालवणार होती.

संध्याकाळी मी पाद्रीबाईला घरी बोलावलं. इमोजेन टास तिचं नाव. वाईट बाई नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसते, भांडी घासते, प्रवचन आटोपशीर ठेवते. ती लिंबाचा केक घेऊन आली. किटली ठेवली, केक कापला, मग मी म्हटलं, "बाई, मला तो उतार नको. हेस्टर आहे तिथेच राहू दे."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "किती समजूतदार आहात हो तुम्ही, मिसेस पेलो. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हणजे तुमच्या पिढीला जिवावर येतं."

"मी समजूतदार नाही. कधीच नव्हते. मला खरंच नको."

"आम्हाला अजिबात त्रास नाही त्याचा. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

आता काय बोलणार? आमच्यात कुणी नको म्हटलं की समोरचा केकचा तुकडा आणखी मोठा कापतो. तिने खरोखरच कापला आणि माझ्या बशीत ठेवला. मी तीन तऱ्हांनी नको म्हटलं, आणि दर वेळी मी तिच्या नजरेत आणखी गोड म्हातारी होत गेले.

"हेस्टरच्या खाली, आजूबाजूला, जुनं काही सापडलं तर?" मी शेवटी विचारलं.

"त्याची काळजी करू नका. खोदताना एक पुरातत्त्वाचे तज्ज्ञ उभे राहणार आहेत. काही अवशेष निघाले तर आदराने खोक्यात भरून दुसरीकडे एकत्र पुरू."

खोक्यात. टॉमने त्या पेटीच्या कडा रात्रभर घासल्या होत्या, हाताला कुसळ लागू नये म्हणून. मी बशी खाली ठेवली.  जे या गावात कुणाला कधी सांगावंच लागलं नव्हतं, त्याला माझ्याकडे शब्दच नव्हते. तिने माझ्या खांद्यावर शाल नीट केली आणि ती गेली.

मी गिल्बर्टला फोन केला. "सकाळी लवकर ये. आणि पोटभर खाऊन ये, मला उचलायचंय. क्लेमलाही आण."

"कुठे उचलायचंय?"

"ये तर खरा."

सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा कामकरी माणसं आली होती. हेस्टरच्या डोक्यावर दगड उचलायची लोखंडी तिकटी उभी केली होती आणि तिला साखळी लटकत होती. पट्टे गवतावर पसरलेले. तज्ज्ञ म्हणून आलेला एक माणूस गुडघ्याखाली उशी घेऊन तयार होता. पाद्रीबाई रबरी बूट घालून आली होती आणि सगळ्यांना थर्मासातून चहा ओतत होती. आवाराच्या भिंतीपलीकडे गाव हळूहळू जमत होतं, जसं काही सगळे सहज कुत्रं फिरवायला निघालेत.

"सरळ चल," मी गिल्बर्टला म्हटलं.

"मध्ये आडवी दोरी बांधलीय."

"मला दिसतंय."

खुर्चीने दोरी तोडली. गिल्बर्ट दोरीला सॉरी म्हणाला. हेस्टरच्या बाजूला आल्यावर मी शाल काढून त्याच्या हातात दिली. "आता मला हिच्यावर ठेवा."

"डॉर्कस, लोक बघतायत."

"म्हणून तर दिवसा आले."

क्लेम डोकं खाजवत म्हणाला, "तिथे मेलेल्यांना ठेवतात. तू अजून..."

"अजून किती थांबू? उचला मुकाट्याने."

त्यांनी उचललं. दगड बर्फासारखा गार होता आणि रात्रीच्या दवाने ओला. मी पाय हातांनी ओढून नीट केले आणि मधोमध बसले. साखळीचा आकडा माझ्या कानाशी लोंबत होता. मुकादम टोपी काढून म्हणाला, "मॅडम, आम्हाला ही वरची शिळा आधी उचलायची आहे."

"उचला की. मी काही जड नाही."

पाद्रीबाई चहा सोडून धावत आली. "मिसेस पेलो! बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"उत्तम वाटतंय."

"अहो, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"तेच बंद करा. माझे पाय तुमच्या कामाला कारण म्हणून लावायचे नाहीत. चालत नसले तरी पाय माझे आहेत."

"पण आता परवानगी आलीय. महिनाभर कुणी आक्षेप घेतला नाही. नियमाप्रमाणे..."

"नियम!" मी ओरडलेच. आमच्या गावात आवारात कुणी ओरडत नाही. भिंतीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. "या दारात माझ्या नवऱ्याला हाच शब्द ऐकवला होता तुमच्या त्या लॅम्बर्नने. पोराची पेटी काखेत होती त्याच्या. आत घेतलं नाही. हिने घेतलं. या दगडाने घेतलं. आणि आता तुम्ही त्याला खोक्यात भरणार? कोण तुम्ही?"

तिचा चेहरा उतरला. "कुणाला? कोण आहे इथे?"

"माझा मुलगा आहे. तिथे, दगडाला लागून. त्याच्यावर तुम्ही खुंटी ठोकलीय."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. खुंटी नवी होती, वरचं टोक हातोडीने चेचलेलं. कुणी हललं नाही, आणि मला वाटलं, आता हे सगळे खाकरतील, हवापाण्याचं काहीतरी बोलतील आणि घरी जातील. मग गिल्बर्टने माझी शाल क्लेमकडे दिली. तो खाली वाकला, दोन्ही हातांनी खुंटी धरली आणि हिसडा देऊन उपटली. खाली ठेवली नाही. भिंतीपलीकडे भिरकावून दिली.

"मी पाहिलंय त्याला पुरताना," तो पाद्रीबाईला म्हणाला.  "आक्षेप आहे माझा. उशिरा असेल, पण आहे."

त्यानंतर भिंत कुणालाच अडवेना. दुकानातली मर्ल फाटकातून आत आली. तिच्या आईचं पहिलं बाळ इथेच, पलीकडच्या अंगाला होतं, ते तिने पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. क्लेमच्या आजोबांचा भाऊ, ज्याने लढाईवरून परत येऊन धान्याच्या कोठारात गळफास घेतला, त्यालाही इथेच प्रार्थना मिळाली होती. एकेक जण सांगायला लागला. मी इतकी वर्षं या लोकांबरोबर राहिले, आणि हेस्टरच्या पायथ्याशी किती जण झोपलेत ते मला त्या सकाळी कळलं. तज्ज्ञाने आपली उशी उचलली आणि तो मागे सरकला.

पाद्रीबाईने मुकादमाला हात केला. साखळी वर गेली. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"इथे कुणी कुणाला काही सांगत नाही, बाई. आता सांगितलंय."

"काम थांबवते. पण तुम्हाला एक सांगायला हवं. मिळालेला निधी सरळ उताराचाच आहे, तो परत जाईल. वळणाचा उतार करायला पुन्हा पहिल्यापासून सगळं मागावं लागेल. तोवर या दोघांच्या कमरा टिकल्या नाहीत, तर तुम्हाला आत येता येणार नाही."

"मग बाहेर बसेन."

"थंडीत? पावसात?"

"बाहेर माझं माणूस आहे. आत कोण आहे माझं?"

हे चर्चच्या दारात बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले, आणि मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही.

तिने खुंटी उपटलेल्या जागेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला एक करू द्या. आता पुस्तकात अशा मुलांसाठी प्रार्थना आहे. मी ती म्हणते. घंटा वाजवू, आत त्याचं नाव घेऊ, रीतसर. जे तेव्हा झालं नाही ते आज करू."

मनापासून बोलत होती ती. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मर्लने तर डोळ्याला रुमाल लावला. मी धन्यवाद म्हणायचं, ती आत जाऊन पुस्तक आणणार, सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरणार आणि दुपारपर्यंत सगळं गोड होणार. लॅम्बर्नचीही त्यात सुटका.

"नाही," मी म्हटलं. "जे तेव्हा झालं नाही, असं म्हणू नका. झालं होतं. इथे झालं. कसाई उभा होता, शाळेच्या बाई उभ्या होत्या, माझे सासरे चुकत चुकत म्हणत होते. त्यात काही उणं राहिलं नव्हतं की तुम्ही आज येऊन भराल. उणे होतात ते तुम्ही. सगळं गाव होतं, फक्त चर्च नव्हतं."

तिने मागे चर्चच्या दाराकडे पाहिलं.

"आता यायचंच असेल तर या," मी म्हटलं. "पण पुस्तक आत ठेवून या. आणि उभं राहायचं ते इथे, बाहेर, यांच्याबरोबर."

गिल्बर्टने टोपी काढली. क्लेमने काढली. मुकादमाने तर केव्हाच काढली होती. पाद्रीबाई इकडे तिकडे बघत राहिली, मग पुढे झाली, आणि ओळीच्या शेवटी, थडगी खणणाऱ्या हार्डिंगच्या नातवाच्या शेजारी, ओल्या गवतात जाऊन उभी राहिली.